परिवारातून आलोय

मंगळवारची सकाळ होती. विजयमालाचा एक हात चाळणीतल्या पोह्यांवर पाणी शिंपडत होता आणि दुसरा गॅस बारीक करत होता. बाहेरच्या खोलीत तिचे यजमान सुमंतराव शब्दकोडं सोडवत बसले होते, म्हणजे दर दोन मिनिटांनी "अगं, चार अक्षरी, शेवटी ळ" असं काहीतरी स्वयंपाकघरात फेकत होते. मागच्या मोरीत रंगूबाई भांडी घासत होती. आणि निमिषच्या बंद खोलीतून टाळ्या ऐकू येत होत्या.

त्या टाळ्यांची घराला आता सवय झाली होती. निमिष पुण्याच्या कंपनीत नोकरीला होता, पण काम सांगलीतूनच, विश्रामबागेतल्या या घरातून करायचा. रोज नवाच्या ठोक्याला संगणकावर त्यांची सभा भरे. कुणीतरी काहीतरी चांगलं केलेलं असे आणि मग सगळे आपापल्या घरी बसून टाळ्या वाजवत. एकट्या माणसाच्या टाळ्या बंद दारातून कशा ऐकू येतात, ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार वाजलं. टक, टक, टक, तीनदा, हळू.

विजयमालानं पदराला हात पुसत दार उघडलं. दारात एक मुलगी आणि एक मुलगा उभे होते. दोघांच्या अंगात सारखेच पांढरे टी-शर्ट, गळ्यात सारख्याच निळ्या पट्ट्या, आणि चेहऱ्यावर सारखंच हसू.

"ग्रेट मॉर्निंग, आई! आम्ही परिवारातून आलोय," मुलगी म्हणाली.

विजयमाला दार अर्धं लोटून उभी राहिली.

"अनंत इथं राहत नाही," ती म्हणाली. "आणि तो आता कुठेही येणार नाही." तिनं दार लावून घेतलं. वरची कडीसुद्धा घातली.

"कोण होतं गं?" सुमंतरावांनी विचारलं.

"परिवारातले."

"कुठले परिवारातले? त्यांचा संबंध तुटून तीस वर्षं झाली," सुमंतराव म्हणाले, आणि तेवढ्यात निमिष खोलीतून धावत आला. खाली पायजमा, वर इस्त्रीचा पांढरा टी-शर्ट, गळ्यात निळी पट्टी. आईकडे न बघता त्यानं कडी काढली आणि "सॉरी, सॉरी, श्रद्धा, आत ये, सूरज, ये रे" असं म्हणत त्या दोघांना सोफ्यावर बसवलं. मग आईकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "आई, अगं हे आमच्या कंपनीतले आहेत!"

मोरीतून ओल्या हातानं रंगूबाई डोकावली आणि फोडणी करपल्याचा वास येताच तिनं आधी गॅस बंद केला.

आता अनंत कोण, ते सांगायला हवं. अनंत हा विजयमालाचा थोरला भाऊ. माहेर वाईचं. चाळीस वर्षांपूर्वी तो बी.एस्सी.ला दोनदा नापास झाला आणि माडीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. वडील बोलायचे, शेजारी बोलायचे, आणि अनंत कुणाशीच बोलायचा नाही. तेव्हा एक दिवस दार असंच तीनदा वाजलं. पांढरे सदरे, निळी उपरणी. "प्रभात! आम्ही परिवारातून आलोय." दुपारचे चार वाजले होते, तरी ते प्रभात म्हणाले, कारण त्यांच्या गुरूंपाशी, म्हणजे बाबांपाशी, कायम सकाळच असे. ते अनंतच्या उशाशी येऊन बसले, त्याच्याशी बोलले, त्याला हसवलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. सहा महिन्यांनी अनंत त्यांच्या अकरा दिवसांच्या शिबिराला गेला. जाण्याआधी आईला सगळ्यांसमोर उभं करून म्हणायला लावलं, "मी माझा मुलगा परिवाराच्या हाती सोपवते." सतरा वर्षांची विजयमाला तेव्हा शेजारीच उभी होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या.

अकरा दिवसांचा अनंत नऊ वर्षांनी परत आला.

सोफ्यावर श्रद्धा पोहे खात खात सांगत होती. मुलगी गोड होती, लिंबू मागून घेणारी. कंपनीनं निमिषची नेतृत्वाच्या प्रशिक्षणासाठी निवड केली होती. तीनशे जणांतून बारा जण. पाचगणीला एकवीस दिवस राहायचं. मन एकाग्र व्हावं म्हणून फोन पहिल्याच दिवशी जमा करायचे. आणि सुरुवातीच्या सोहळ्यात प्रत्येकाच्या आईवडिलांचा आशीर्वाद पडद्यावर दाखवायचा. त्याचं चित्रीकरण करायला ती शुक्रवारी परत येणार होती.

"आई, तुम्हाला सोपं जावं म्हणून हे लिहून आणलंय," ती म्हणाली आणि तिनं एक जाड, गुळगुळीत कागद पुढे केला. विजयमालानं चष्मा लावला. 'आमचा निमो आम्ही आनंदानं आपल्या परिवाराच्या हाती सोपवत आहोत.'

"निमो कोण?" सुमंतराव म्हणाले.

"मीच, बाबा," निमिष म्हणाला. "तिथं सगळ्यांना छोटी नावं असतात."

अनंतला त्यांनी स्थिरानंद केलं होतं.

"हे म्हणायलाच हवं का?" विजयमालानं विचारलं.

"छे, छे, अजिबात सक्ती नाही," श्रद्धा हसून म्हणाली. "फक्त सगळे म्हणतात."

"आणि एक, बाळ. मला काकू म्हण. आई नको."

श्रद्धाचं हसू क्षणभर थांबलं. "आम्हाला आईच म्हणायला सांगितलंय," ती म्हणाली. मग स्वतःच ओशाळली आणि उरलेले पोहे खायला लागली.

ती दोघं गेल्यावर निमिष खोलीत कामाला बसला. दुपारी जेवताना मात्र उसळला. "आई, तू कमाल केलीस. अनंतमामाचं काय झालं ते मला माहीत आहे. पण हे त्यातलं नाही. इथं कुणी कुणाच्या पाया पडत नाही. आमच्या मालकाला आम्ही नावानं हाक मारतो, अरे-तुरे करतो."

"तो उभा असताना तुम्ही बसता का?"

निमिषनं आमटी वाढून घेतली. "तसा प्रश्नच येत नाही," तो म्हणाला. म्हणजे बसत नव्हते.

"आणि तो तुझा मित्र, कोण तो, मिरजेला दवाखान्यात डबा घेऊन यायचा? हल्ली नाव काढत नाहीस."

"त्यानं सोडली कंपनी. तो आमच्या संस्कृतीत बसत नव्हता."

"पडला म्हण की," विजयमालाच्या तोंडून निघून गेलं. सोडून जाणाऱ्याला परिवारात तसं म्हणायचे. पडला. मग त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. निमिष ताटावरून उठला.

आता खरं सांगायचं तर विजयमालाला त्या कंपनीचा राग धरता येत नव्हता, तिथंच घोडं अडत होतं. चार वर्षांपूर्वी निमिषची पहिली नोकरी गेली तेव्हा तो याच खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली, ताट तसंच. या कंपनीनं त्याला उठवलं. तो परत हसायला लागला, आंघोळ करताना गायला लागला. आणि गेल्या वर्षी सुमंतरावांच्या छातीत दुखायला लागलं, मिरजेच्या दवाखान्यात नळी घालावी लागली, तेव्हा सख्खे नातेवाईक फोनवर चौकशी करत होते आणि हीच निळ्या पट्ट्यांची पोरं पाळ्या लावून व्हरांड्यात बसली होती. रात्रंदिवस. न सांगता. असल्या माणसांना वाईट म्हणायचं कुठल्या तोंडानं? पण मग तिला आठवे, अनंतच्या उशाशी बसणारेही वाईट नव्हते.

"तुमचं काय मत?" तिनं रंगूबाईला विचारलं, कारण सुमंतरावांना विचारलं की ते "अगं, एकवीस दिवस मी काही मरत नाही" एवढंच म्हणायचे.

"आवं वैनी, माझी सून न्हाई का त्या पावडरच्या मीटिंगला जाती," रंगूबाई कढई उलटी ठेवत म्हणाली. "वजन उतरायची पावडर. सकाळी उठली की आरशापुढं हुभी ऱ्हाती आन् म्हनती, मी जिकनार, मी जिकनार. लय टाळ्या वाजिवत्यात तिथं बी."

"मग जिंकली का?"

"कुठली जिकती! पर गालातल्या गालात हासती. आदी हासत नव्हती. आता हासतीया तर कशाला मोडता घालायचा? सैपाक तेवढा माझ्याच गळ्यात आलाय." तिनं दुसरं भांडं उचललं. "मला तर बाई काय उमगत न्हाई. देव हाय का धंदा हाय?"

विजयमालालाही उमगत नव्हतं. म्हणून बुधवारी ती सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेली.

अनंत गोडोलीत दोन खोल्यांत एकटा राहतो. परिवारातून परत आल्यावर त्यानं औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपाच्या कारखान्यात भांडारपालाची नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाला. लग्न केलं नाही. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, त्याच्याकडे पाठ करून तो शिलाई मशिनं दुरुस्त करत बसतो. विजयमाला पोहोचली तेव्हा तोंडात एक स्क्रू धरून तो दुसरा फिरवत होता.

तिनं चपला काढायच्या आधीच सगळं सांगायला सुरुवात केली. पांढरे टी-शर्ट, निळ्या पट्ट्या, एकवीस दिवस, सोपवतो. अनंतनं तोंडातला स्क्रू काढला आणि तो इतका हसला की त्याला खोकला आला.

"आणि तू तोंडावर दार लावलंस?"

"कडी घातली."

"शाब्बास, विजे. चाळीस वर्षं उशिरा का होईना."

मग त्यानं चहा टाकला. साखर घालताना नेहमीसारखा थबकला. हे तिनं दरवेळी पाहिलं होतं, कधी विचारलं नव्हतं. आज तो स्वतःच बोलला. "तिथून बाहेर पडलो, स्टँडवर आलो, चहावाल्यानं विचारलं, साखर किती? मला सांगता येईना. नऊ वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. अजून नक्की ठरत नाही बघ."

"म्हणजे नको ना पाठवू त्याला?" विजयमालानं घाईनं विचारलं. हेच ऐकायला तर ती तीन तास एसटीत बसून आली होती.

अनंतनं मशिनच्या चाकावरून बोट फिरवलं. "एक सांगू? मी तिथं सुखी होतो."

"दादा!"

"होतो. तुम्हाला वाटतं मला कोंडून ठेवलं होतं. दाराला कडी नव्हती तिथं. पहाटे अडीचशे माणसं एका सुरात प्रार्थना म्हणायची, तेव्हा छातीत असं काही भरून यायचं की, काय सांगू. वाईला मी नापास होतो. तिथं मी कुणीतरी होतो. मला त्यांचा राग येत नाही म्हणून मला माझाच राग येतो."

एवढी वर्षं विजयमालानं मनात एक गोष्ट रचून ठेवली होती: भाऊ चांगला, ते वाईट, त्यांनी नेला. ती गोष्ट त्यानं एका वाक्यात उसवून टाकली आणि वर चहा पुढे केला.

"मग सुटलास कशाला?"

"ते निराळं." त्यानं कप खाली ठेवला. "पण कारखान्याचं ऐक. तिथंही दर सोमवारी गेटपाशी हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणायला लावायचे. कारखाना माझं कुटुंब आहे, वगैरे. पहिल्या दिवशी मला घाम फुटला. म्हटलं, परत आलो की काय. पण पाच वाजता भोंगा झाला. भोंगा झाला आणि सगळे एका क्षणात फाटकाबाहेर. कुणी तंबाखू मळतोय, कुणी साहेबाला शिव्या घालतोय. कुटुंब गेटच्या आत राहिलं आणि माणसं आपापल्या घरी गेली. मी तिथं उभा राहून रडलो. एवढाच फरक, विजे. परिवाराला भोंगा नव्हता. तू निमिषला विचार, तुमच्याकडे भोंगा आहे का."

विजयमालाला आधार वाटला. काहीतरी हाताला लागलं होतं. त्यानं दिलेला पेढ्यांचा पुडा घेऊन ती उठली, दारापर्यंत गेली आणि न राहवून वळली.

"दादा, आई गेल्याचं पत्र मी स्वतः लिहिलं होतं. तार पण केली होती."

"माहीत आहे," अनंत म्हणाला. "दोन्ही पोहोचली होती. मला चार महिन्यांनी सांगितलं. साधनेत खंड नको म्हणून." तो परत मशिनकडे वळला होता, तरी त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "ज्यानं पत्र ठेवून घेतलं तो माझा तिथला सगळ्यात जवळचा मित्र होता. सांगताना माझ्यापेक्षा तोच जास्त रडला. द्वेषानं नव्हतं केलं त्यानं, माझ्या भल्यासाठी केलं होतं. त्या दिवशी मी मनातून निघालो. पाय निघायला पुढे चार वर्षं लागली."

घरी आल्यावर तिनं गुरुवारी सकाळी, सभेच्या आधी, निमिषला गाठलं. तो पट्टी गळ्यात घालत होता.

"निमिष, तुमच्याकडे भोंगा आहे का रे?"

"भोंगा?" तो हसला. राग गेला होता बहुतेक. "आई, आमच्याकडे वेळ बघत नाहीत. कामाचा निकाल बघतात. कधीही सुरू करा, कधीही संपवा."

"मग संपतं कधी?"

नऊ वाजले. त्यानं दार लावून घेतलं, आणि आतून "ग्रेट मॉर्निंग" ऐकू आलं.

विजयमाला दाराबाहेर उभीच राहिली. भोंगा नाही, म्हणजे परिवारच. पण दोन वर्षांपूर्वी याच निमिषनं दुसऱ्या कंपनीशी बोलणी केली होती. नोटीस देऊन कधीही सुटता येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अनंतला नोटीस द्यायची सोय नव्हती. म्हणजे कंपनीच. पण तो मिरजेचा डबेवाला मित्र सुटला आणि त्याचं नाव पुसलं गेलं. म्हणजे परत परिवार. मग तिला वाटलं, आपण तरी काय केलं? लग्न होऊन या घरात आलो तेव्हा विजूची विजयमाला झाली, आडनाव गेलं, चहात साखर किती ते सासूबाईंनी ठरवलं. इथं कुठं भोंगा होता? ती एकटीच हसली. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसली. आतून टाळ्या आल्या. एकट्या माणसाच्या.

संध्याकाळी निमिष आपण होऊन तिच्या शेजारी येऊन बसला. ती गवार मोडत होती. त्यानंही चार शेंगा घेतल्या.

"आई, तू म्हणणार नसशील तर मी सांगतो त्यांना. बाकी अकरा जणांचे आईवडील पडद्यावर येतील आणि माझ्या वेळी रिकामं जाईल, एवढंच. होईल काय ते होईल." त्यानं एका शेंगेचं देठ मोडलं. "पण मला जायचं आहे गं. मी त्या खोलीत पडलो होतो तेव्हा मला वाटलं होतं, माझं काहीच होणार नाही."

"जा की," विजयमाला म्हणाली. "जाऊ नको असं मी कुठं म्हणाले?"

"मग ते वाक्य?"

"बघू उद्या."

शुक्रवारी श्रद्धा एकटीच आली. या वेळी तिनं बेल वाजवली. फोन उभा करायची तिवई तिनं सोफ्यासमोर ठेवली, वर गोल दिवा लावला आणि विजयमालाच्या पदराची पिन नीट केली. सुमंतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. छातीवरच्या खिशात गोळ्यांची पट्टी दिसत होती, ती निमिषनं काढून टेबलावर ठेवली. रंगूबाई फडकं हातात घेऊन दारात उभी राहिली. "कवा दिसनार ह्ये?" तिनं हळूच विचारलं. "सोमवारी," निमिष म्हणाला. तो आईच्या बरोबर समोर, फोनच्या मागे उभा होता. निकाल लागायच्या दिवशी शाळेच्या फळ्यासमोर उभा राहायचा, तसा.

"काकू, कागद समोर धरू का?" श्रद्धानं विचारलं.

काकू. विजयमालानं तिच्याकडे पाहिलं. "नको. पाठ आहे मला. चाळीस वर्षं पाठ आहे."

लाल ठिपका लागला. सुमंतरावांनी घसा खाकरला आणि "आशीर्वाद" एवढंच म्हणून कोडं अडल्यासारखे बायकोकडे बघायला लागले. विजयमाला सरळ बसली. तिला अजूनही कळलं नव्हतं की समोरच्या त्या काचेपलीकडे तीनशे माणसं कोण असणार आहेत, एका कारखान्याचे कामगार की अनंतच्या पहाटेचे ते अडीचशे. तिनं ते ठरवायचं सोडून दिलं.

"नमस्कार. मी निमिषची आई," ती म्हणाली. "तुम्ही त्याला उठवलंत, त्याच्या वडिलांच्या आजारपणात आमच्यासाठी जागलात, ते मी विसरणार नाही. माझा आशीर्वाद त्यालाही आहे आणि तुम्हालाही आहे. सोपवणं वगैरे मला जमायचं नाही, तो लहान नाही आणि माझ्या हातात नाही. फोन ठेवून घ्यायचे तर घ्या. फक्त एक करा. या एकवीस दिवसांत घरून काही वाईट निरोप आला, तर त्याच्या भल्याचा विचार करू नका. त्याला त्याच दिवशी सांगा."